डिफ्यूजन एमआरआयवरून मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशा कसा काढतात

ट्रॅक्टोग्राफीची, म्हणजे डिफ्यूजन एमआरआयवरून काढलेल्या मेंदूतल्या तंतूंच्या वाटांची, चित्रं आता परिचयाची झाली आहेत: काळ्या पार्श्वभूमीवर लाल, हिरव्या, निळ्या रेघांचा मेंदूच्या आकाराचा गुंता. असं चित्र काढणं आज अवघड राहिलेलं नाही. लागणारी सॉफ्टवेअर मोफत मिळतात, सरावासाठी स्कॅनही मोफत उतरवून घेता येतात आणि संगणक बऱ्यापैकी असेल तर एक-दोन दिवसांत एका मेंदूचा कनेक्टोम, म्हणजे सगळ्या जोडण्यांचा नकाशा, हातात येतो. अवघड आहे ते वेगळंच. मेंदूत ज्या जोडण्या नाहीतच, त्या नकाशात शिरू न देणं.

हे किती अवघड आहे ते २०१५ साली घेतलेल्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दिसलं. संगणकावर तयार केलेला कृत्रिम मेंदू स्पर्धकांना दिला होता. त्यातले २५ तंतुजुडगे कुठून कुठे जातात हे आयोजकांना आधीच माहीत होतं. २० गटांनी मिळून ९६ निकाल पाठवले. २०१७ साली त्याचं विश्लेषण प्रसिद्ध झालं, त्यात असं आढळलं की खरे जुडगे बहुतेकांना निदान अंशतः तरी सापडले होते, पण त्याच निकालांत खोटे जुडगे खऱ्यांपेक्षा पुष्कळ जास्त होते. त्यांतले जवळपास निम्मे खोटे जुडगे तर वेगवेगळ्या गटांना सारखेच सापडले. म्हणजे हा कोणा एकाचा निष्काळजीपणा नव्हता, दोष पद्धतीतच आहे. म्हणून पुढे प्रत्येक टप्प्यावर काय करायचं याच्याइतकंच काय तपासून बघायचं हे सांगितलं आहे. लिनक्सच्या टर्मिनलवर कमांड चालवता येतात आणि एमआरआयची तोंडओळख आहे, एवढं गृहीत धरलं आहे.

स्कॅनर नक्की काय मोजतो

तंतू मोजत नाही, हे आधी पक्कं डोक्यात बसवायचं. स्कॅनर मोजतो ती पाण्याच्या रेणूंची हालचाल. मोकळ्या पाण्यातला रेणू शरीराच्या तापमानाला ५० मिलिसेकंदांत एका अक्षावर साधारण १७ मायक्रॉन सरकतो. मेंदूच्या श्वेतद्रव्यात अक्षतंतूंचे, म्हणजे चेतापेशींच्या लांब धाग्यांचे, जुडगे असतात. त्यांच्या लांबीच्या दिशेने पाणी बऱ्यापैकी सरकतं, आडव्या दिशेने मात्र पेशींची आवरणं आणि तंतूंभोवतीचा मायलिनचा थर अडवतात. स्टेजस्कल आणि टॅनर यांनी १९६५ साली मांडलेली युक्ती आजही तीच आहे: चुंबकीय ग्रेडियंटचे दोन झटके द्यायचे, पहिल्याने रेणूंवर त्यांच्या जागेची खूण करायची, दुसऱ्याने ती पुसायची. रेणू मधल्या काळात त्या दिशेने सरकला असेल तर खूण पूर्ण पुसली जात नाही आणि सिग्नल घटतो. वेगवेगळ्या दिशांनी हे करत गेलं की कुठल्या दिशेने पाणी जास्त सरकतं ते कळतं.

आता मापाचा विचार करा. अक्षतंतूची जाडी एक मायक्रॉनच्या आसपास, आणि आपला व्हॉक्सेल, म्हणजे प्रतिमेचा सर्वांत छोटा घन, २ मिलिमीटरचा. त्या एका घनात लाखो अक्षतंतू बसतात आणि आपल्याला मिळते ती सगळ्यांची मिळून सरासरी. चौकात वाहनं कुठल्या दिशांना चालली आहेत एवढं वरून दिसलं, तरी कोणतं वाहन कुठून निघालं आणि कुठे पोचणार हे त्यावरून सांगता येत नाही. ट्रॅक्टोग्राफी नेमकं तेच सांगायचा प्रयत्न करते, एका चौकाकडून दुसऱ्या चौकाकडे अंदाज बांधत.

१९९४ साली बासर, मॅटिएलो आणि ल बिहान यांनी डिफ्यूजन टेन्सर मांडला. त्यात प्रत्येक व्हॉक्सेलमध्ये एक लंबगोल बसवायचा आणि त्याचा लांब अक्ष म्हणजे तंतूंची दिशा मानायची. कल्पना सुंदर, पण एका व्हॉक्सेलला एकच दिशा. श्वेतद्रव्यातल्या साधारण ६० ते ९० टक्के व्हॉक्सेलमध्ये एकाहून जास्त दिशांचे तंतू असतात, असं २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं. चेहऱ्याच्या हालचाली सांभाळणाऱ्या कॉर्टेक्सकडून (मेंदूच्या बाहेरच्या थराकडून) खाली उतरणारे तंतू टेन्सरवर हमखास हरवतात, कारण वाटेत कॉर्पस कलोसमचे, म्हणजे दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या जाड पट्ट्याचे, आडवे तंतू त्यांना छेदतात. संपूर्ण मेंदूचा कनेक्टोम काढायचा असेल तर टेन्सरवर काढू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. डेटा तपासायला मात्र टेन्सरसारखं साधन नाही, ते पुढे येईलच.

स्कॅन घेण्यापूर्वी

डेटा आधीच घेतलेला असेल तर हा भाग ओलांडून पुढे जा, पण त्याच्या मर्यादा समजून घ्यायला एकदा वाचा.

डिफ्यूजनचा जोर किती लावला ते बी-मूल्य सांगतं. एकक सेकंद प्रति चौरस मिलिमीटर. ग्रेडियंट न लावता घेतलेल्या प्रतिमेला बी-शून्य म्हणतात. बी १००० ला सिग्नल चांगला मिळतो, पण छेदणारे तंतू वेगळे ओळखू येत नाहीत. बी ३००० ला दिशांमधला फरक ठळक होतो, सिग्नल मात्र गोंगाटाच्या जवळ जातो. म्हणून आता एकाहून जास्त बी-मूल्यं घेतात, त्यांना शेल म्हणतात. ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्टच्या तरुण प्रौढांच्या डेटात १००० , २००० आणि ३००० असे तीन शेल, प्रत्येकी ९० दिशा आणि १.२५ मिलिमीटरचे व्हॉक्सेल आहेत. यूके बायोबँकमध्ये १००० आणि २००० असे दोन शेल, प्रत्येकी ५० दिशा, २ मिलिमीटर. दुसरा बेत मोठ्या अभ्यासाला जास्त परवडणारा आहे.

दिशांची संख्या मनाला येईल तशी ठरवायची नसते. पुढे सिग्नल गोलीय हार्मोनिक, म्हणजे गोलावरचा आकार वर्णन करणाऱ्या गणिती, फलनांत मांडतो. आठव्या क्रमापर्यंत जायचं तर ४५ गुणांक काढावे लागतात, म्हणजे सर्वांत वरच्या शेलमध्ये किमान ४५ दिशा हव्यात, थोड्या जास्तच बऱ्या. ३० दिशांवर सहाव्या क्रमापर्यंतच पोचता येतं, त्याला २८ गुणांक लागतात.

आणि एक गोष्ट जिच्यावर वाद घालूच नये: उलट फेज-एन्कोडिंगच्या (म्हणजे प्रतिमा ज्या दिशेने ताणली-चेपली जाते ती दिशा उलटी करून घेतलेल्या) काही बी-शून्य प्रतिमा घ्याच. मुख्य स्कॅन समोरून मागे असेल तर दोन-चार बी-शून्य मागून समोर. एक-दोन मिनिटांचं काम आहे, पण ते नसेल तर पुढे ही विकृती नीट दुरुस्त होत नाही आणि शरीररचनेवर आधारलेलं ट्रॅकिंग, म्हणजे रेघा काढणं, लंगडं पडतं. सोबत १ मिलिमीटरची टी-१ प्रतिमा, म्हणजे शरीररचना दाखवणारा नेहमीचा एमआरआय, हवीच.

हत्यारं

मुख्य काम एमआरट्रिक्स३ मध्ये. विकृती आणि डोक्याची हालचाल यांसाठी एफएसएल, कॉर्टेक्सचे भाग पाडायला फ्रीसर्फर, तीव्रतेतला उतार (प्रतिमा एकीकडे उजळ, दुसरीकडे मंद दिसणं) काढायला अँट्स. पायथनमध्ये रमणाऱ्यांना डायपाय आहे. शंभरेक व्यक्तींचा डेटा असेल तर क्यूएसआयप्रेपसारखी तयार साखळी वापरणं शहाणपणाचं, पण त्याआधी दोन-तीन मेंदू हाताने, एकेक कमांड देत पुढे न्या. नाहीतर साखळीने कुठे माती खाल्ली ते ओळखताच येणार नाही.

पायरी १: रूपांतर आणि ग्रेडियंटची तपासणी

डायकॉम फाइली एमआरकन्व्हर्टने एमआयएफ स्वरूपात आणा. या स्वरूपात प्रतिमा, ग्रेडियंटच्या दिशा आणि फेज-एन्कोडिंगची माहिती एकाच फाइलमध्ये राहते. निफ्टीमध्ये बी-व्हेक आणि बी-व्हॅल अशा वेगळ्या फाइली होतात आणि त्यांची ताटातूट व्हायला वेळ लागत नाही.

दिशांच्या तक्त्यातलं एक चिन्ह उलटं झालं, म्हणजे एक्स अक्ष डावीकडचा उजवीकडे गेला, तरी सॉफ्टवेअर कुठेही तक्रार करत नाही. एफए नकाशा अगदी व्यवस्थित दिसतो, कारण एफए म्हणजे विसरण (डिफ्यूजन) किती एकदिशीय आहे याचा ० ते १ मधला आकडा, त्याला दिशेशी घेणंदेणं नाही. ट्रॅक्टोग्राफी मात्र साफ कोसळते, आणि तीही अशी की बघणाऱ्याला वाटावं, डेटाच वाईट आहे.

त्यामुळे कच्च्या डेटावर लगेच टेन्सर बसवा आणि दिशेनुसार रंगवलेला एफए नकाशा उघडा. लाल म्हणजे डावी-उजवी, हिरवा म्हणजे पुढे-मागे, निळा म्हणजे वर-खाली. मध्यभागी कॉर्पस कलोसम लाल दिसला पाहिजे, त्याच्या लगेच वर सिंग्युलम हा पुढे-मागे जाणारा जुडगा हिरवा, आणि ब्रेनस्टेमकडे उतरणारा कॉर्टिकोस्पायनल मार्ग निळा. अक्षांची अदलाबदल झाली असेल तर इथे लगेच कळेल. चिन्ह उलटं असेल तर रंग बरोबरच दिसतात, म्हणून प्रत्येक व्हॉक्सेलमधली दिशा छोट्या काडीसारखी दाखवा आणि कॉर्पस कलोसम कडेला जाताना वर वळतो तिथे बघा. काड्या वळणाच्या बाजूने झुकल्या पाहिजेत. वळणाला आडव्या जात असतील तर चिन्ह उलटं आहे. डीडब्ल्यूआयग्रॅडचेक ही कमांड सगळ्या शक्यता चालवून बघते आणि ज्या मांडणीत रेघा सरासरीने सर्वांत लांब येतात ती निवडते. ती चालवाच, पण डोळ्यांनी बघणं सोडू नका.

पायरी २: गोंगाट आणि कडांच्या लहरी

डीडब्ल्यूआयडीनॉइज सर्वांत आधी, दुसऱ्या कुठल्याही प्रक्रियेच्या अगोदर. ही पद्धत शेजारच्या व्हॉक्सेलमधला गोंगाट स्वतंत्र आहे असं धरून चालते. एकदा प्रतिमा सरकवून पुन्हा बसवली की ते गृहीतक मोडतं. गोंगाट काढल्यावर मूळ प्रतिमेतून नवी वजा करून उरलेला भाग पाहा. तिथे नुसती रवाळ धूळ दिसायला हवी. मेंदूच्या वळ्या किंवा कवटीची कड दिसत असेल तर गोंगाटाबरोबर सिग्नलही काढला गेला आहे.

मग एमआरडीगिब्ज. तीव्र कडांजवळ, विशेषतः मेंदूच्या पोकळ्यांच्या भोवती, समांतर लहरी दिसतात, त्या हा कमी करतो. स्कॅन पार्शल फूरिए पद्धतीने (डेटाचा काही भागच मोजून) घेतला असेल तर परिणाम अर्धवट राहतो, एवढं लक्षात ठेवा.

पायरी ३: विकृती, एडी करंट, हालचाल

हा टप्पा वेळखाऊ आहे. ग्राफिक्स कार्ड नसेल तर एका व्यक्तीला काही तास सहज लागतात. डीडब्ल्यूआयएफएसएलप्रीप्रॉक ही कमांड आतून एफएसएलचे टॉपअप आणि एडी चालवते.

टॉपअप उलट फेज-एन्कोडिंगच्या जोडीवरून चुंबकीय क्षेत्राचा नकाशा काढतो. डोळ्यांच्या वर, नाकाच्या पोकळ्यांजवळ आणि कानाच्या आतल्या बाजूला हवा आणि ऊतक यांच्या सीमेवर प्रतिमा ताणली किंवा चेपली जाते. एका दिशेत ताणलेली जागा उलट दिशेत चेपलेली दिसते, आणि दोन्हींच्या मधोमध खरी जागा असते. एडी नंतर ग्रेडियंटमुळे उठणाऱ्या एडी करंटने (भोवऱ्यासारख्या विद्युतप्रवाहाने) येणारी विकृती आणि डोक्याची हालचाल दोन्ही एकत्र सोडवतो. डोकं फिरलं की ग्रेडियंटच्या दिशाही त्याप्रमाणे फिरवाव्या लागतात. ही कमांड ते आपोआप करते, पण एडी स्वतंत्रपणे चालवलंत तर फिरवलेली बी-व्हेक फाइल वापरायला विसरू नका. रेपोल हा पर्यायही चालू ठेवा. हालचालीमुळे एखाद्या स्लाइसचा सिग्नल गळाला असेल तर त्याजागी तो अंदाजित मूल्य भरतो.

उलट फेजची प्रतिमा नसेल तर? टी-१ वरून कृत्रिम बी-शून्य बनवणारी सिन-बी-झिरो नावाची पद्धत आहे, तिच्यावर काम भागवता येतं. भागवता येतं एवढंच.

दुरुस्त झालेली बी-शून्य टी-१ वर ठेवून कपाळाकडचा भाग बघा. कडा जुळल्या पाहिजेत. आणि प्रत्येक व्यक्तीच्या हालचालीचा सरासरी आकडा आत्ताच एका तक्त्यात लिहून ठेवा, तो शेवटी लागणार आहे. डोक्याच्या हालचालीतल्या फरकामुळेच दोन गटांत खोटे फरक दिसू शकतात, हे २०१४ साली दाखवून झालं आहे. लहान मुलं, वृद्ध आणि रुग्ण जास्त हलतात, आणि तुलना नेमकी त्यांचीच करायची असते.

यानंतर अँट्सने तीव्रतेचा उतार काढा आणि मेंदूचा मास्क, म्हणजे मेंदू कुठवर आहे ते सांगणारी प्रतिमा, बनवा. मास्कला भोकं पडली नाहीत ना, सेरेबेलमचा तळ कापला गेला नाही ना, एवढं बघून पुढे चला.

पायरी ४: प्रत्येक व्हॉक्सेलमधल्या दिशा

टेन्सरच्या जागी आपण वापरतो ते कन्स्ट्रेन्ड स्फेरिकल डिकॉन्व्होल्यूशन, तूर्निए आणि सहकाऱ्यांनी २००४ ते २००७ या काळात बसवलेली पद्धत. तिचं तर्कशास्त्र असं: एकाच दिशेच्या तंतूंचा सिग्नल कसा दिसतो ते आधी त्याच मेंदूवरून शिकायचं, मग प्रत्येक व्हॉक्सेलचा सिग्नल म्हणजे अशा अनेक एकदिशीय सिग्नलांची बेरीज आहे असं धरून उलटा हिशेब करायचा. उत्तर मिळतं ते फायबर ओरिएंटेशन डिस्ट्रिब्यूशन, म्हणजे एफओडी: कुठल्या दिशेने किती तंतू, याचं पाकळ्यांसारखं आकृतिरूप.

डीडब्ल्यूआयटूरिस्पॉन्स कमांडला ढोलँडर हा पर्याय द्या. श्वेतद्रव्य, करडं द्रव्य आणि पोकळ्यांतला द्रव अशा तिघांचे नमुना-सिग्नल मिळतील. मग डीडब्ल्यूआयटूएफओडी बहु-ऊतक पर्यायाने चालवा. करडं द्रव्य आणि द्रव यांचा वाटा वेगळा काढल्यामुळे कॉर्टेक्सच्या काठावरच्या एफओडी बऱ्याच स्वच्छ होतात. डेटात एकच शेल आणि बी-शून्य असेल तर तीनऐवजी दोनच घटक बसवा, श्वेतद्रव्य आणि द्रव. शेवटी एमटीनॉर्मलाइज.

एकाहून जास्त व्यक्तींची तुलना करायची असेल तर प्रत्येकाचा स्वतःचा नमुना-सिग्नल वापरू नका. सगळ्यांचे काढा, त्यांची सरासरी घ्या आणि तीच सगळ्यांना लावा. माप प्रत्येकाचं वेगळं ठेवलंत तर नंतर एकाच्या आकड्याची दुसऱ्याशी तुलना करण्यात अर्थ उरत नाही.

तपासणीसाठी एमआरट्रिक्सच्या एमआरव्ह्यू या दर्शकात एफओडी उघडून कॉर्पस कलोसमच्या मध्यभागी जा. तिथे एकच टोकदार पाकळी हवी. थोडं कडेला आणि वर, सेंट्रम सेमिओव्हालेमध्ये, दोन-तीन पाकळ्या एकमेकींना छेदताना दिसाव्यात. पोकळ्यांत काहीच नको. कॉर्पस कलोसममध्येच काटेरी फुलं दिसत असतील तर मागे जा, नमुना-सिग्नल किंवा मास्क चुकला आहे.

पायरी ५: शरीररचनेचं कुंपण

टी-१ प्रतिमेवरून ५टीटीजेनने मेंदूचे पाच प्रकार करा: कॉर्टेक्सचं करडं द्रव्य, खोलवरचं करडं द्रव्य, श्वेतद्रव्य, द्रव, आणि असल्यास आजारी ऊतक. हा नकाशा आणि डिफ्यूजन एकाच जागेत असायला हवेत. त्यासाठी टी-१ ला बी-शून्यशी दृढ रूपांतराने (आकार न बदलता तीन अक्षांवर सरकवून आणि तीन अक्षांभोवती फिरवून) जुळवा, आणि रूपांतर फक्त फाइलच्या शीर्षकात नोंदवा. प्रतिमा नव्या जाळीवर बसवायची गरज नाही, बसवली तर टी-१ ची बारकाई हकनाक जाते.

हे कुंपण असल्यावर ट्रॅकिंगला नियम लागतात. द्रवात शिरलेली रेघ बाद, श्वेतद्रव्यात मध्येच संपलेली रेघ बाद, करड्या द्रव्यात पोचलेली ग्राह्य. नियम साधे वाटतात, पण एका सल्कसवरून (दोन वळ्यांमधल्या खाचेवरून) उडी मारून समोरच्या वळीत घुसणाऱ्या पुष्कळ रेघा इथेच गळतात. मात्र पायरी ३ मध्ये विकृती नीट निघाली नसेल तर कुंपण चुकीच्या जागी पडतं आणि खऱ्या रेघा कापतं. अशा डेटावर ते न वापरलेलं बरं.

पायरी ६: रेघा

दोन घराणी आहेत. निश्चित पद्धतीत प्रत्येक बिंदूपाशी सर्वांत ठळक दिशा धरून पुढे जायचं. पुन्हा चालवलं तरी त्या बिंदूपासून तीच रेघ. संभाव्यतेच्या पद्धतीत, उदाहरणार्थ आयएफओडी-२ मध्ये, एफओडीच्या आकारानुसार दिशा यादृच्छिक निवडत जायचं. पहिलीत खऱ्या जोडण्या निसटतात, दुसरीत खोट्या शिरतात. मी संपूर्ण मेंदूसाठी आयएफओडी-२ वापरते आणि नंतर कडक चाळणी लावते. पण नेटवर्कची मोजमापं हाच मुख्य उद्देश असेल तर निश्चित पद्धतीचीही बाजू भक्कम आहे. झालेस्की आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवलं की अशा मोजमापांना खोटी जोडणी ही निसटलेल्या जोडणीपेक्षा किमान दुप्पट नुकसान करते.

टीसीकेजेनला देण्याच्या गोष्टी: पाच ऊतकांचा नकाशा, मागे फिरून पुन्हा प्रयत्न करण्याचा बॅकट्रॅक पर्याय, कमाल लांबी २५० मिलिमीटर, आणि रेघांची संख्या. वळणाचा कोन आणि पावलाची लांबी मूळ ठरवलेलीच राहू द्या, म्हणजे ४५ अंश आणि अर्धा व्हॉक्सेल. कोन वाढवला की आकडे छान वाटतात आणि चित्र बिघडतं. संख्या एक कोटी ठेवा. फाइल अनेक जीबींची होते, डिस्कवर जागा बघून ठेवा.

रेघा कुठून सुरू करायच्या यालाही महत्त्व आहे. श्वेतद्रव्यात सगळीकडे सारखी बीजं पेरली तर लांब जुडग्यांच्या वाट्याला आपोआप जास्त बीजं येतात, कारण ते जास्त जागा व्यापतात. म्हणून करड्या-श्वेत सीमेवरून सुरुवात करा, किंवा गतिमान बीजपेरणी वापरा, जिथे जुडगा डेटाच्या मानाने कमी भरला आहे तिथे ती जास्त बीजं टाकत जाते.

चालवून झाल्यावर दोन लाख रेघांचा नमुना काढून टी-१ वर ठेवा आणि निवांत फिरवून पाहा. मी नेहमी जिथे बघते त्या जागा अशा. सिंग्युलमच्या रेघा खाली कॉर्पस कलोसममध्ये घसरतात का? दोन्ही एकमेकांना खेटून आहेत, व्हॉक्सेल जाड असला की मिसळतात. कॉर्पस कलोसममधून निघालेल्या रेघा ब्रेनस्टेमकडे वळतात का? आणि ऑप्टिक कायझम, जिथे दोन्ही डोळ्यांच्या चेता भेटतात आणि निम्म्याहून थोडे जास्त तंतू पलीकडे जातात. दोन जुडगे एकमेकांना छेदतात की नुसते टेकून परत फिरतात, हे व्हॉक्सेलमधल्या दिशांवरून वेगळं ओळखता येत नाही. तिथे प्रत्येक साखळीची परीक्षा होते आणि फार थोड्या उत्तीर्ण होतात.

पायरी ७: रेघांना वजन

रेघांची संख्या म्हणजे तंतूंची संख्या नव्हे. सरळ, जाड, आखूड जुडग्यात रेघा सहज पोचतात, वळणदार आणि लांब जुडग्यात वाटेतच गळतात. सिफ्ट-२ हे विषम वाटप दुरुस्त करायचा प्रयत्न करतो. प्रत्येक रेघेला असं वजन देतो, की सगळ्या व्हॉक्सेलमध्ये रेघांच्या वजनांची बेरीज एफओडीच्या आकाराशी जुळावी. सोबत म्यू नावाचा एक गुणक मिळतो. व्यक्ती-व्यक्तींत तुलना करताना वजनांच्या बेरजेला या गुणकाने गुणायचं असतं. हा गुणक न लावता तुलना केली तर फरक मेंदूचा आहे की मापपट्टीचा, ते कळायला मार्ग नाही.

सिफ्ट-२ खोटी रेघ ओळखत नाही, हेही सांगून ठेवते. ती तिथल्या एफओडीत बसत असेल तर तिलाही वजन मिळतं.

पायरी ८: मॅट्रिक्स

मॅट्रिक्स म्हणजे मेंदूचे भाग दोन-दोन घेऊन त्यांच्यातल्या जोडणीचं वजन मांडलेला तक्ता. फ्रीसर्फरच्या डेसिकन-किलियानी विभागणीत कॉर्टेक्सचे ६८ भाग आहेत. खोलवरच्या करड्या द्रव्याचे १४ आणि सेरेबेलमचे २ मिळवले की ८४ नोड (जाळ्याचे बिंदू), म्हणजे ३४८६ संभाव्य जोडण्या. ग्लासर आणि सहकाऱ्यांची २०१६ ची विभागणी घेतली तर नुसत्या कॉर्टेक्सचे ३६० भाग आणि ६४,६२० जोडण्या. भाग जितके लहान, तितकी प्रत्येक जोडणीच्या वाट्याला येणारी माहिती कमी. पहिल्या कामाला ८४ पुरेत.

फ्रीसर्फरचे क्रमांक सलग नसतात, म्हणून लेबलकन्व्हर्टने ते १ पासून सलग करून घ्या. लेबलची प्रतिमा दुसऱ्या जाळीवर बसवायची वेळ आली तर फक्त जवळच्या शेजाऱ्याचं मूल्य घेणारी पद्धत वापरा. १० आणि १२ या लेबलांची सरासरी ११ होते आणि तो भलताच भाग असतो.

टीसीकेटूकनेक्टोमला सिफ्ट-२ ची वजनं द्या, मॅट्रिक्स सममित ठेवा आणि कर्ण शून्य करा. सममित का, तर डिफ्यूजनला दिशा कळते पण जाणं-येणं कळत नाही. अ कडून ब कडे संदेश जातो की उलट, हे पाण्याच्या हालचालीवरून कधीच कळणार नाही. सिफ्ट-२ वापरल्यावर पुन्हा रेघेच्या लांबीने भागण्याची जुनी सवय सोडा, दुरुस्तीवर दुरुस्ती होते.

मॅट्रिक्स बघताना लॉगरिदम घेऊन पाहा, कारण वजनांत अनेक पटींचा फरक असतो. दोन्ही गोलार्धांचे चौकोन साधारण सारखे दिसावेत, आणि समोरासमोरच्या भागांना जोडणारी कर्णरेषा ठळक हवी. एखाद्या नोडची पूर्ण ओळ रिकामी असेल तर विभागणी जुळलेली नाही, किंवा त्या भागातला सिग्नल विकृतीने गेला आहे.

पायरी ९: चाळणी आणि तुलना

संभाव्यतेच्या पद्धतीने काढलेल्या एक कोटी रेघांचा मॅट्रिक्स जवळपास पूर्ण भरलेला येतो. त्यातल्या कितीतरी जोडण्या चार-दोन रेघांच्या बळावर उभ्या असतात. त्या काढायला एकच अचूक उंबरठा नाही. मला पटणारी रीत अशी: गटातल्या ठरावीक प्रमाणात व्यक्तींमध्ये जी जोडणी सापडते तीच ठेवायची, मग उंबरठा बदलत जाऊन निष्कर्ष टिकतो का ते दाखवायचं. एकाच उंबरठ्यावर दिसणारा निष्कर्ष लेखात न आणलेलाच चांगला.

३४८६ जोडण्यांवर एकेक चाचणी पाच टक्क्यांच्या पातळीवर केली तर काहीही फरक नसताना सुमारे १७४ जोडण्या लक्षणीय निघतील. म्हणून एकेक जोडणीऐवजी जोडण्यांचे समूह तपासणारी नेटवर्क-बेस्ड स्टॅटिस्टिक किंवा दुसरी योग्य दुरुस्ती वापरा. वय, लिंग, कवटीच्या आतलं आकारमान, स्कॅनर, आणि पायरी ३ मध्ये टिपून ठेवलेला हालचालीचा आकडा हे सगळं मॉडेलमध्ये घ्या. वेगवेगळ्या स्कॅनरवरचा डेटा एकत्र करायचा असेल तर कॉम्बॅटसारखी समतोल साधणारी पद्धत लागते. पण सगळे रुग्ण एका स्कॅनरवर आणि सगळे निरोगी दुसऱ्यावर असतील तर कुठलीच पद्धत वाचवू शकत नाही.

निष्कर्ष लिहिताना शब्द जपून वापरा. 'अमुक गटात तंतू कमी झाले' किंवा 'जोडणी तुटली' असं हा डेटा म्हणत नाही. तो म्हणतो, दोन भागांमधल्या रेघांचं एकूण वजन कमी आलं. त्यामागे सूज, मायलिनमधला बदल, तंतूंची घट, दुसऱ्या जुडग्याने बदललेलं छेदन किंवा नुसती हालचाल, काहीही असू शकतं. शस्त्रक्रियेच्या नियोजनात तर आणखी जपून. रेघ दिसली नाही याचा अर्थ तिथे तंतू नाही असा होत नाही, आणि दिसलेल्या जुडग्याची कड ही खऱ्या जुडग्याची कड नसते.

सराव कशावर करावा

ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्टचा डेटा मोहात पाडतो, पण त्याची प्रक्रिया केलेली आवृत्ती घेतलीत तर विकृती, एडी आणि हालचाल यांची दुरुस्ती आधीच झालेली असते. पायरी २ आणि ३ त्यावर पुन्हा चालवायच्या नसतात, गोंगाट काढणं तर मुळीच नाही. पायरी ४ पासून पुढचं शिकायला तो उत्तम. सुरुवातीच्या पायऱ्या शिकायच्या असतील तर ओपनन्यूरो या मोफत संग्रहावर बिड्स या प्रमाणित मांडणीतला कच्चा डेटा शोधा. शोधताना तीन गोष्टी बघा: दोन किंवा जास्त शेल, उलट फेज-एन्कोडिंगची बी-शून्य, आणि सोबतच्या जेसन फाइलमध्ये फेज-एन्कोडिंगची दिशा व एकूण रीडआउट वेळ. या नोंदी नसतील तर टॉपअपला काय द्यायचं ते तुम्हाला अंदाजाने ठरवावं लागेल, तेव्हा दुसरा संच निवडा.